पहिल्या नंबरवर चालणाऱ्या माणसाला दोन मिनिटं का थांबवलं?

२० सप्टेंबर २०२५, टोकियो. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स चॅम्पियनशिप, पुरुषांची २० किलोमीटर चालण्याची शर्यत. सगळ्यात पुढे जपानचा तोशिकाझु यामानिशी, या अंतराचा वर्ल्ड रेकॉर्ड त्याच्याच नावावर, आधी दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरचं पब्लिक. मग एकदम तो रस्ता सोडून बाजूच्या एका आखलेल्या पट्ट्यात जातो आणि तिथेच राहतो. दोन मिनिटं. बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून निघून जातात. तो परत रस्त्यावर येतो तेव्हा मेडल केव्हाच हातचं गेलेलं असतं, आणि गोल्ड जातं ब्राझीलच्या कायो बॉनफिमकडे.

याची क्लिप ज्यांनी कुठेतरी बघितली त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न एकच होता, अरे हा पुढे होता ना, कुणाला धक्का मारला नाही, रस्ता चुकला नाही, मग याला थांबवलं कशासाठी? प्रश्न बरोबर आहे. पण याचं उत्तर एका ओळीत दिलं तर ते पटत नाही, त्यासाठी हा खेळ मुळात काय आहे ते आधी समजून घ्यावं लागतं, आणि एकदा ते समजलं की यामानिशीचं सगळं करिअरच वेगळं दिसायला लागतं.

नियम दोनच, पण दोन्ही जीवघेणे

चालण्याची शर्यत म्हणजे रेसवॉकिंग. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकपासून हा खेळ आहे. नियम दोन.

पहिला, एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे. म्हणजे मागचा पाय उचलायच्या आधी पुढची टाच टेकलेली हवी. दोन्ही पाय एकाच वेळी हवेत दिसले की फाउल. याला ‘कॉन्टॅक्ट सुटणं’ म्हणतात.

दुसरा, पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीर त्याच्या बरोबर वर येईपर्यंत गुडघ्यात सरळ पाहिजे. वाकलेला दिसला की फाउल.

वाचायला सोपं वाटतं. मी गच्चीवर करून बघितलं. टाच टेकवायची, गुडघा ताठ, मागच्या पायाच्या अंगठ्याने जमीन ढकलायची, आणि हे सगळं आपल्या नेहमीच्या भरभर चालण्यापेक्षा जास्त स्पीडने. दोन-तीन फेऱ्यांतच नडगीच्या पुढचा स्नायू असा पेटला की पायाचा चवडा वर उचलवेना. मांडीत काही नाही, दम लागलेला नाही, फक्त नडगी. कारण चवडा वर धरून टाचेवर उतरण्याचं काम तो छोटासा स्नायूच करतो आणि आपण त्याला आयुष्यात कधी एवढं राबवलेलं नसतं. या लोकांचा तो स्नायू सव्वा तास हे काम करतो.

कंबर अशी का हलते

या खेळाला हसणारे लोक कंबरेलाच हसतात, म्हणून हे नीट सांगतो, कारण सगळी अक्कल त्या कंबरेतच आहे.

स्पीड ब्रेकरवरून गाडी जाते ते आठवा. हळू गेलात तर चाकं रस्त्याला चिकटून वर चढतात आणि खाली उतरतात. जोरात गेलात तर गाडी उडते. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला आपलं शरीर टेकलेल्या पायावरून असाच एक छोटा उंचवटा पार करत असतं, पाय सरळ असतो आणि धड त्याच्यावरून कमानीसारखं पुढे जातं. स्पीड वाढवत गेलं की एका हद्दीनंतर शरीर त्या कमानीवरून उडणारच, आणि उडालं की ते चालणं राहत नाही, धावणं झालं. साध्या चालीत ही हद्द ढोबळ हिशोबाने ताशी १०-११ किलोमीटरच्या आसपास येते, आणि आपण तर त्याच्या खूप आधीच आपोआप पळायला लागतो.

आता यामानिशीचा रेकॉर्ड बघा. २० किलोमीटर, १ तास १६ मिनिटं १० सेकंद. म्हणजे एक किलोमीटर ३ मिनिटं ४८ सेकंदांच्या जरा वर, ताशी पावणेसोळा किलोमीटर. तुमच्या ओळखीत कोणी हाफ मॅरेथॉन धावत असेल तर विचारा, २ तासांच्या आत आली की लोक पार्टी देतात. हा माणूस याच स्पीडने तेवढं अंतर चालला तर १ तास २० मिनिटांच्या आसपास पोचेल. चालत.

मग हे जमतं कसं? उंचवटाच लहान करून. ज्या पायावर वजन आहे त्याच्या उलट बाजूची कंबर खाली सोडायची म्हणजे धड वर चढत नाही, पुढच्या बाजूची कंबर पुढे फिरवायची म्हणजे पाय लांब झाल्यासारखं पाऊल मोठं पडतं, आणि पावलं दोन समांतर रेघांवर न पडता जवळजवळ एकाच रेघेवर पडतात. बाहेरून बघणाऱ्याला कंबर हलताना दिसते, पण डोकं बघा, डोकं जवळपास सरळ रेषेत जातं, डोक्यावर कळशी ठेवली तर फारशी हिंदकळणार नाही असं. पाऊल साधारण सव्वा मीटरचं धरलं तर सेकंदाला साडेतीन पावलं होतात, आणि २० किलोमीटरची १६ हजार. त्यातलं प्रत्येक पाऊल नियमात बसायला हवं.

पण स्लो मोशनमध्ये तर दोन्ही पाय हवेत दिसतात!

हो, दिसतात. हा आक्षेप सगळ्यात जास्त घेतला जातो आणि तो खोटा नाही. टॉपच्या जवळपास सगळ्याच वॉकर्सचे पाय स्लो मोशनमध्ये क्षणभर हवेत असतात. पण नियमाचे शब्दच असे आहेत की कॉन्टॅक्ट सुटलेला ‘माणसाच्या डोळ्याला’ दिसता कामा नये. कॅमेऱ्याला नाही, डोळ्याला. सेकंदाच्या साधारण चार शतांश भागापर्यंतची उडी नुसत्या डोळ्याला पकडता येत नाही, आपली पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

हे विचित्र वाटत असेल तर क्रिकेट आठवा. बोलरने बॉल टाकताना वाकलेला कोपर सरळ करायचा नाही असा नियम, पण बारकाईने मोजमाप केलं तेव्हा कळलं की जवळपास प्रत्येकाचा कोपर थोडा तरी सरळ होतोच. मग आयसीसीने १५ अंशांपर्यंत सूट दिली, कारण त्याच्या आतलं डोळ्याला नीट दिसत नाही. तिथे कोणी म्हणत नाही की सगळे बोलर चिटिंग करतात. इथेही तसंच आहे, फक्त इथे आकडा लिहिलेला नाही, डोळा हीच मोजपट्टी.

आणि इथेच यामानिशीच्या गोष्टीची किल्ली आहे. जितका स्पीड जास्त तितका हवेतला वेळ वाढतो. त्यामुळे वर्ल्ड रेकॉर्ड करायचा असेल तर त्या न दिसणाऱ्या हद्दीच्या अगदी काठावर चालावं लागतं. काठापासून लांब राहिलात तर सेफ राहाल पण हराल. काठाच्या बाहेर गेलात तर कार्ड. रेकॉर्ड आणि कार्ड यांच्यात फरक असतो तो सेकंदाच्या शतांश भागाचा, आणि तो फरक चालणाऱ्याला घड्याळावर दिसत नाही, फक्त पायातून जाणवतो.

कार्ड कोण देतं, कसं देतं

छोट्या लूपवर सगळे गोल गोल चालत असतात आणि लूपवर ठिकठिकाणी वेगवेगळ्या देशांचे जज उभे असतात. जजला शंका आली की तो पिवळी पाटी दाखवतो, पाटीवर नागमोडी रेघ असेल तर पाय हवेत जातोय, कोनाची खूण असेल तर गुडघा वाकतोय. ही फक्त ताकीद. खरंच नियम मोडला असं त्याचं मत झालं तर तो रेड कार्ड भरून पाठवतो. एक जज एका खेळाडूला एकच रेड कार्ड देऊ शकतो. तीन वेगवेगळ्या जजची तीन रेड कार्डं झाली की पूर्वी खेळाडू थेट बाद व्हायचा. आता मोठ्या स्पर्धांमध्ये पेनल्टी झोन असतो, २० किलोमीटरला २ मिनिटं तिथे काढायची आणि मग परत शर्यतीत यायचं. चौथं कार्ड आलं की मात्र खेळ खलास.

टोकियोत यामानिशीचं हेच झालं, तीन कार्डं, दोन मिनिटं. त्या स्पीडला दोन मिनिटं म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या वर अंतर. बॉनफिम १ तास १८ मिनिटं ३५ सेकंदांत आला आणि सिल्व्हरवाला चीनचा वांग झाओझाओ त्याच्या फक्त ८ सेकंद मागे होता, यावरून दोन मिनिटं किती महाग ते लक्षात येईल. (बॉनफिमचीही गंमत, तिसऱ्या किलोमीटरलाच त्याची लग्नाची अंगठी बोटातून पडली, आणि तो ती शोधायला थांबला नाही.)

घरच्या मैदानावर, पुढे असताना असं होण्याची ही पहिली वेळ नाही. सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल पहिल्या नंबरवर स्टेडियमच्या तोंडाशी पोचली होती, आत तिचेच लोक वाट बघत होते, आणि तिथेच तिला लाल पाटी दाखवली. तेव्हा पेनल्टी झोन नव्हता. चार वर्षांनी अथेन्सला तिने ब्राँझ मिळवलं.

मग कॅमेरा, सेन्सर का नाही लावत

बुटात बसवायच्या चिपचे प्रयोग झालेत. अडचण मशीनची नाही, नियमाची आहे. मशीन लावलं की ते खरं सांगणार, आणि खरं हे की जवळपास सगळेच थोडे थोडे हवेत असतात. मग आकडा ठरवावा लागेल, आणि तो फार कडक ठेवला तर आजवर घडलेला सगळा खेळच बदलून जाईल. माझं मत विचाराल तर आकडा ठरवून सेन्सर आणावा, कारण खेळाडूला स्वतःला तरी कळेल की आपण कुठे आहोत. आज जजचा अँगल, समोर चालणाऱ्या घोळक्याची गर्दी, पावसाने चमकणारा रस्ता, या सगळ्यातून एका माणसाने अर्ध्या सेकंदात मत बनवायचं असतं. जजवर मी बेइमानीचा आरोप करत नाही, पण हे ओझं त्यांच्यावर फार आहे.

आता या माणसाविषयी

तोशिकाझु यामानिशीचा जन्म १५ फेब्रुवारी १९९६ चा, क्योतोजवळच्या नागाओकाक्योचा. शाळेत असतानाच २०१३ ला युक्रेनमधल्या दोनेत्स्कला वर्ल्ड यूथमध्ये १० हजार मीटर चालण्यात गोल्ड. आपल्याकडे एवढं झालं की लोक म्हणतील आता शिक्षण सोड आणि खेळावर लक्ष दे. याने क्योतो युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतली, आपल्या आयआयटीसारखी अवघड एंट्रन्स असलेली जागा. तिथे शिकतानाच २०१७ ला तैपेईच्या युनिव्हर्सियाडमध्ये, म्हणजे कॉलेजवाल्यांच्या जागतिक स्पर्धेत, गोल्ड आणलं. मग आइची स्टील या कंपनीत लागला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जपानमध्ये कंपन्यांच्या स्वतःच्या खेळाच्या टीम असतात, खेळाडू कंपनीचा पगारी नोकर, सराव हा कामाचाच भाग. आपल्याकडे रेल्वे किंवा सर्व्हिसेस खेळाडूंना नोकरी देतात तसंच, फक्त तिथे ते खाजगी कंपन्या मोठ्या प्रमाणावर करतात. रेसवॉकिंगसारख्या खेळात, जिथे ना प्रसिद्धी मिळते ना जाहिराती, हा आधार नसेल तर तिशीपर्यंत कोणी टिकणार नाही.

२०१८ ला जकार्ता एशियन गेम्समध्ये सिल्व्हर. २०१९ च्या मार्चमध्ये जपानमधल्याच नोमीला १ तास १७ मिनिटं १५ सेकंद. आणि त्याच वर्षी दोहा वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये गोल्ड, वेळ मात्र १ तास २६ मिनिटं ३४ सेकंद. नऊ मिनिटं जास्त! फॉर्म गेला होता का? अजिबात नाही. दोहाची शर्यत उकाड्यामुळे रात्री साडेअकराला सुरू केली तरी हवा गरम आणि दमट होती. दमट हवेत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत तसा अंगावरचा घामही वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. अशा वेळी घड्याळाशी नाही, शेजारच्याशी लढायचं असतं आणि ते त्याने केलं.

टोकियो ऑलिम्पिकला गोल्ड त्याचंच असं सगळे धरून चालले होते. चालण्याच्या शर्यती उन्हाच्या भीतीने टोकियोतून उचलून साप्पोरोला नेल्या होत्या. ५ ऑगस्ट २०२१. इटलीच्या मासिमो स्तानोने १ तास २१ मिनिटं ५ सेकंदांत गोल्ड मारलं, जपानचाच कोकी इकेदा दुसरा, यामानिशी तिसरा, २३ सेकंद मागे. ऑलिम्पिकचं ब्राँझ ही मोठीच गोष्ट, पण ज्याच्याकडून देशाने गोल्ड धरलंय त्याच्यासाठी ते २३ सेकंद किती लांब असतील.

पुढच्या वर्षी अमेरिकेत यूजीनला त्याने वर्ल्ड टायटल राखलं, इकेदा ७ सेकंदांनी मागे. मग घसरण. २०२३ ला बुडापेस्टमध्ये २४ वा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या टीममध्येच नव्हता. दोन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन टीमबाहेर म्हणजे जपानमध्ये या खेळात किती गर्दी आहे बघा.

आणि १६ फेब्रुवारी २०२५, कोबे, २९ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, वर्ल्ड रेकॉर्ड. सहा-सात महिन्यांनी टोकियो आणि तो पेनल्टी झोन. मला हे दोन वेगवेगळे यामानिशी वाटत नाहीत. कोबेला जो माणूस काठावरून चालला तोच टोकियोला काठावर होता. एका दिवशी जजना ते चाललं, दुसऱ्या दिवशी तिघांना नाही.

ज्याचा रेकॉर्ड मोडला तो कोण

यामानिशीने मोडलेला रेकॉर्ड जवळपास दहा वर्षं उभा होता आणि तोही जपान्याचाच, युसुके सुझुकीचा. याची गोष्ट सोडून पुढे जाता येत नाही.

सुझुकी इशिकावा प्रांतातल्या नोमी गावचा. या छोट्या गावात दर मार्चला चालण्याच्या मोठ्या शर्यती होतात. ८ मार्च २०१५ ला फ्रान्सच्या योहान दिनीझने १ तास १७ मिनिटं २ सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड केला, आणि बरोबर एका आठवड्याने, १५ मार्चला सुझुकीने आपल्याच गावात, ओळखीच्या रस्त्यावर १ तास १६ मिनिटं ३६ सेकंद. २६ सेकंदांनी मोडला. (आणि यामानिशीने सुझुकीचा मोडला तोही २६ सेकंदांनीच, योगायोग.)

त्यानंतर काही महिन्यांतच शरीराने दगा दिला. बीजिंग वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये शर्यत अर्धवट सोडावी लागली, जांघेच्या भागाची दुखापत. मघाशी कंबरेविषयी सांगितलं ना, कंबर खाली सोडायची, पुढे फिरवायची, सेकंदाला साडेतीनदा. तो सगळा ताण जातो ओटीपोटाच्या हाडाच्या सांध्यावर आणि जांघेच्या स्नायूंवर. ज्या हालचालीने रेकॉर्ड झाला त्या हालचालीचाच हा खर्च. रिओ ऑलिम्पिक हुकलं. जवळपास तीन वर्षं गेली.

आणि मग हा माणूस परत आला ते अडीचपट अंतर घेऊन. २०१९ च्या एप्रिलमध्ये वाजिमाला ५० किलोमीटरचा जपानी रेकॉर्ड, ३ तास ३९ मिनिटं ७ सेकंद, आणि सप्टेंबरमध्ये दोहाला ५० किलोमीटरचं गोल्ड. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रेसवॉकिंगमधलं जपानचं पहिलं गोल्ड. यामानिशीचं २० किलोमीटरचं त्यानंतर आठवड्याच्या आत आलं. पण दोहाच्या त्या रात्रीने सुझुकीला खूप आतून थकवलं, तो पूर्ण सावरलाच नाही, २०२१ ला त्याने टोकियो ऑलिम्पिकमधून माघार घेतली. मला या दोघांत सुझुकीसाठी जास्त वाईट वाटतं हे कबूल करतो. आणि ५० किलोमीटरचा प्रकारच त्या ऑलिम्पिकनंतर बंद झाला, म्हणजे परत यायला जागाही उरली नाही.

जपानच का?

कंपन्यांच्या टीम हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे कोबे, नोमी, ताकाहाता अशा ठिकाणी दरवर्षी दर्जेदार शर्यती होतात, आणि पोरं लहानपणापासून नियम पाळून चालायला शिकतात. तरी मेडल यायला वेळ लागलाच. २०१५ ला बीजिंगला ताकायुकी तानिईने ५० किलोमीटरचं ब्राँझ आणलं, ते वर्ल्ड चॅम्पियनशिपमधलं पहिलं. २०१६ ला रिओत हिरोओकी अराईने ऑलिम्पिकमधलं पहिलं, तेही कसं, कॅनडाचा एवन डनफी आणि अराई यांची शेवटाला टक्कर झाली, अराईला आधी बाद केलं, जपानने अपील केल्यावर परत घेतलं. डनफी चौथा गेला आणि त्याला पुढे दाद मागता येत होती, त्याने मागितली नाही. त्याच डनफीने २०२५ ला टोकियोत ३५ किलोमीटरचं गोल्ड घेतलं आणि मला मनापासून आनंद झाला.

आपल्या लोकांनाही नोमी नवीन नाही. २०१६ ला तिथेच एशियन चॅम्पियनशिपमध्ये भारताच्या गुरमीत सिंगने २० किलोमीटरचं गोल्ड जिंकलं होतं. त्याआधी लंडन ऑलिम्पिकमध्ये केरळचा इरफान दहावा आला होता. दोघांचंही कौतुक फार थोड्या लोकांनी केलं.

पुढची शर्यत कशी बघायची

२०२६ पासून मोठ्या स्पर्धांमध्ये २० आणि ३५ किलोमीटर जाऊन हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉन एवढी अंतरं येतायत, म्हणजे बघणाऱ्याला तुलना करायला सोपं जाईल. नियम तेच राहतात.

बघताना फक्त पुढे कोण आहे ते बघू नका. लूपच्या कडेला एक बोर्ड असतो, त्यावर खेळाडूंचे नंबर आणि प्रत्येकापुढे त्याची रेड कार्डं, नागमोडी रेघ किंवा कोन. टीव्हीवर तो मधूनमधून दाखवतात. पुढे चालणाऱ्याच्या नंबरापुढे दुसरी खूण लागली की पुढचे दोन किलोमीटर डोळे हलवू नका. खांदे वर चढलेत का बघा, हात छातीच्या वर जातायत का बघा, कारण तिथूनच उडी सुरू होते. मागचा माणूस दहा मीटरवर आलेला असतो, बोर्ड म्हणतो हळू हो, आणि पुढच्याला प्रत्येक पावलाला ठरवायचं असतं.